पहिला अल्बम : एक गिटार, खंजिरी आणि घरची बोली

मोहफूल

नमस्कार मंडळी,

येत्या हिवाळ्यात माझा पहिला अल्बम रेकॉर्ड करायचं ठरवलं आहे. आठ गाणी. शब्द माझे, चाली माझ्या, गळा माझा. सोबतीला अकूस्टिक गिटार आणि काही गाण्यांत खंजिरी. कंपनी नाही, निर्माता नाही, पगारातून बाजूला काढलेले पैसे आहेत. मी नागपुरात वाढले, आईचं माहेर काटोलकडचं. घरात जी बोली बोलतो तीच गाण्यात आली आहे.

काय करायचं आहे ते आधीच सांगते. आपल्याकडची लोकगीतं हल्ली रेकॉर्ड होतात तेव्हा पहिल्या सेकंदापासून कीबोर्ड आणि ढोलकीचा लूप सुरू होतो, आवाजावर ऑटोट्यून चढतो, आणि गाणारी बाई कुठल्याही गावची वाटू लागते. जी बाई जात्यावर ओवी म्हणायची, तिच्यामागे जात्याच्या घरघरीशिवाय काही नव्हतं. ओळ कुठे लांबवायची, कुठे सोडायची हे ती दळणाच्या ओघात ठरवायची. तिचा श्वाससुद्धा ऐकू यायचा. तो मोकळेपणा मला गिटारसोबत हवा आहे. शब्द पुढे, वाद्य मागे.

एका गाण्याचा मुखडा देते :

*कापूस येचता येचता सांज झाली बाई,*
*पदरात ढग भरले, घरात पानी नाई.*

आता अडचणी. हे गाणं साध्या मेजर कॉर्डवर बसवलं की "सांज" वरचा माझा गंधार कॉर्डशी भांडतो. तो गंधार थोडा उतरता आहे, तसाच मला हवा आहे. माझी पट्टी काळी चार, म्हणजे जी शार्प.

दुसरं, एका गाण्याचं धृपद भुलाबाईच्या गाण्यातलं आहे. आजीकडून शिकले. अंतरे माझे. श्रेय कुणाला द्यायचं?

तिसरं म्हणजे काही जवळचे लोक सांगून राहिले की प्रमाण मराठीत गा, म्हणजे पुण्या-मुंबईकडे ऐकतील. मला ते पटत नाही, पण तुमचं ऐकायचं आहे.

तारसप्तक

ताई, मुखडा फार आवडला. पण एक काळजी वाटते. फक्त गिटार आणि आवाज घेऊन आठ गाणी म्हणजे साधारण अर्धा तास. एवढा वेळ ऐकणाऱ्याला धरून ठेवायचं तर रंग बदलायला हवा. एखाद्या गाण्यात बासरी, एकात तबला, एकात व्हायोलिन घ्या. लूप नको हे मान्य, पण माणसांनी वाजवलेली वाद्यं घ्यायला काय हरकत? मी काही वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलं आहे. तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर लोक एकाच पोताला सरावतात, मग शब्द कितीही चांगला असो, कानात शिरत नाही.

लाकूडकाम

गंधाराचं आधी घेऊ, कारण ते सुटण्यासारखं आहे.

मेजर कॉर्डमध्ये शुद्ध गंधार आधीच पक्का वाजत असतो, म्हणून तुमचा उतरता गंधार त्यावर घासतो. कॉर्डमधून गंधारच काढून टाका. गिटार डी-ए-डी-जी-ए-डी अशी लावा. नेहमीच्या ट्यूनिंगमधल्या दोन्ही टोकांच्या ई तारा आणि बी तार, अशा तीन तारा एकेक सूर खाली येतात, बाकी तीन तशाच. सा जर डी धरला तर मोकळ्या तारा होतात सा-प-सा-म-प-सा. गंधार कुठेच नाही. तानपुऱ्यासारखा आधार मिळतो आणि गळा कोमल, शुद्ध किंवा मधला कुठलाही गंधार घ्यायला मोकळा.

काळी चारसाठी मात्र डी धरून कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) सहाव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या सहाव्या पट्टीवर, न्यावा लागेल. तिथे खर्ज पातळ होतो. त्यापेक्षा सा जी च्या तारेवर धरा आणि कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा. मग मोकळ्या तारा प-रे-प-सा-रे-प अशा येतात आणि खालचा प भरदार राहतो. रिषभ सतत वाजत राहील, तेव्हा ज्या चालीत रिषभ कोमल असेल किंवा नसेलच, तिथे ही मांडणी वापरू नका. कापसाच्या गाण्यात शुद्ध रिषभ आहे का?

आणि नागपूरची हवा विसरू नका. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवा त्याच्या कितीतरी खाली जाते. लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बोटाला लागू लागतात, वरची फळी तडकू शकते. कूलर लावला की उलट होतं, ओली हवा येऊन फळी फुगते आणि तारा वर उचलल्या जातात. शिवाय कूलर घरघरतो तो वेगळाच. हिवाळा निवडलात ते उत्तम केलं. तोवर गिटार केसमध्येच ठेवा, सोबत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज.

मोहफूल

लाकूडकाम दादा, आत्ताच लावून पाहिलं. हो, शुद्ध रिषभ आहे आणि न्यासही, म्हणजे ओळीचा विसावाही, त्यावरच आहे! "येचता" वर तो तारेवर आपोआप वाजत राहतो. माझा गंधार आता कुणाशी भांडत नाही. मनापासून आभार.

तारसप्तक दादा, तुमच्या मुद्द्यावर विचार करते आहे, सगळ्यांचं ऐकून लिहिते.

जुनी शुक्रवारी

"स्वतः लिहून स्वतः गाणारी स्वतंत्र कलाकार" हे नागपूरला नवीन नाही, हे या धाग्यावर नोंदवावंसं वाटतं.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर या शहरात जी गाणी झाली, ती कुणी कंपनीने करून घेतली नव्हती. वस्तीतला कामगार, शिक्षक, रिक्षावाला रात्री वही उघडून लिहायचा, चाल लावायचा आणि जयंतीला चौकात उभा राहून गायचा. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) हे सगळ्यात मोठं उदाहरण. स्वतः लिहायचे, स्वतः गायचे, गावोगाव फिरायचे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांच्या दुकानांशेजारी गाण्यांची दुकानं लागतात. तिथे आधी कॅसेट असायच्या, मग सीडी आल्या. कुठल्याही मोठ्या वितरकाशिवाय गाणी तिथून गावागावांत गेली. माझ्या वडिलांच्या पेटीत अशा कॅसेट अजून आहेत, काहींच्या कव्हरवर गायकाने स्वतःच्या अक्षरात नाव लिहिलेलं आहे.

त्यामुळे माझी विनंती अशी की विदर्भातलं लोकसंगीत म्हणजे जातं आणि भुलाबाई एवढंच धरू नका. ही गाणी धरा. पोळ्याच्या झडत्या धरा. तोरणाखाली बैल उभे असतात आणि माणूस पिकाच्या भावावरून सरकारला चार ओळींत सुनावतो, ते काव्य आजही ताजं आहे. तुमच्या कापसाच्या गाण्याचं नातं मला ओवीपेक्षा झडतीशी जास्त वाटतं. दुसऱ्या ओळीत राग आहे. तो दाबू नका.

खंजिरी

नाव पाहून समजलंच असेल की मी कशावर बोलणार.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी घराघरात गेली. मोझरीच्या गुरुकुंजात आणि गावोगावच्या सेवा मंडळांत ती आजही वाजते. लोक तिला छोटं वाद्य समजतात. पण बोट चामड्याच्या काठावर मारलं की एक आवाज, मध्यावर मारलं की दुसरा, डाव्या हाताने मागून दाब दिला की सूर वर सरकतो, आणि झांजा वेगळ्याच. रेकॉर्डिंगमध्ये हे सगळं पकडायचं असेल तर माइक झांजांसमोर धरू नका, चामड्याकडून तिरका आणि हातभर लांब ठेवा. नाहीतर फक्त छणछण येते आणि गायिकेचे स, श सगळे झाकले जातात.

चामडं हवेप्रमाणे बदलतं. पावसाळ्यात उतरतं, कोरड्या हवेत चढतं. एकाच गाण्याचे दोन टेक सकाळी आणि रात्री घेतले तर जोडता येणार नाहीत. खंजिरीची सगळी गाणी एका बैठकीत घ्या.

आणि कृपा करून मेट्रोनोमवर, म्हणजे ठोके देणाऱ्या यंत्रावर, वाजवायला लावू नका. भजनात शेवटच्या कडव्याला लय चढते, ती कुणी मोजून चढवत नाही, गाणारा आणि वाजवणारा एकमेकांकडे पाहून चढवतात. गायिका आणि खंजिरीवाला समोरासमोर बसलेच पाहिजेत.

तारसप्तक

खंजिरी भाऊंशी मेट्रोनोमबाबत सहमत नाही. लय चढवायची तर चढवा, पण मेट्रोनोमची क्लिक नसेल तर नंतर चुकलेली एक ओळ दुरुस्त करता येत नाही. पहिल्यांदा रेकॉर्ड करणाऱ्याला स्टुडिओचं दडपण येतं, एकेक तास पैशाचा असतो. सुरक्षित मार्ग ठेवावा एवढंच म्हणणं.

लाकूडकाम

तारसप्तक, तुमची भीती खरी आहे. पण यावर दुसरा उपाय आहे. पूर्ण गाण्याचे तीन-चार टेक घ्यायचे, सगळे त्याच मूडमध्ये, लागोपाठ. जोडायचं झालं तर अख्खं कडवं जोडायचं, ओळ नाही. क्लिक लागत नाही.

गळा आणि गिटार एकत्रच घ्यावं असं मीही म्हणेन. वेगवेगळं रेकॉर्ड केलं की गिटार स्वच्छ येते, पण गळा गिटारच्या मागे मागे चालतो, ऐकू येतं ते. एकत्र घेताना एका माइकमध्ये दुसऱ्याचा आवाज शिरतो, त्यासाठी फिगर-एट पॅटर्नचे दोन माइक मिळाले तर पाहा. हा माइक पुढून-मागून ऐकतो, बाजूने जवळजवळ बहिरा असतो. गळ्याच्या माइकची बाजू गिटारकडे करायची, गिटारच्या माइकची बाजू तोंडाकडे. गिटारचा माइक बाराव्या फ्रेटसमोर वीतभर अंतरावर. मधल्या भोकासमोर ठेवला तर खर्ज घुमतो.

कलम तेरा

श्रेयाच्या प्रश्नावर लिहितो. वकिली करतो, पण हे सर्वसाधारण उत्तर समजा.

कर्ता अज्ञात असलेलं, पिढ्यांपिढ्या चालत आलेलं भुलाबाईचं धृपद वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. तिथे "पारंपरिक" असं लिहा. अंतरे तुमचे, ते तुमच्या नावावर. पण "शब्द : मोहफूल" एवढंच लिहून पारंपरिक ओळ स्वतःच्या खात्यात टाकू नका, कारण उद्या दुसऱ्या मुलीने तेच धृपद गायलं तर एखादी स्वयंचलित यंत्रणा तिचं गाणं अडवू शकते.

मात्र "जुनं" म्हणजे "मोकळं" असं नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कर्त्याच्या निधनानंतर पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं हक्क राहतो. तुकडोजी महाराजांचं निधन १९६८ चं, म्हणजे त्यांच्या रचना २०२८ च्या अखेरपर्यंत संरक्षित धरायच्या. वामनदादांच्या २०६४ पर्यंत. घ्यायच्या असतील तर परवानगी काढा. कुणाच्या जुन्या ध्वनिमुद्रणातला तुकडा उचलायचा असेल तर त्याचा हक्क वेगळा, प्रसिद्धीपासून ६० वर्षं.

आणखी दोन गोष्टी. खंजिरीवादकाशी साधा का होईना, लेखी करार करा. वादक म्हणून त्याचेही हक्क आहेत. आणि उद्या एखादी कंपनी अल्बम मागायला आली तर कागद नीट वाचा. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणूनच कंपन्यांच्या छापील करारात "कायमचे" आणि "संपूर्ण जगासाठी" हे शब्द आवर्जून असतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा सरसकट लिहून देता येत नाही. तुम्ही दोन्ही आहात. आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्यत्व आधी घ्या.

सदाशिव

पुण्याहून लिहितेय. मोहफूल, प्रमाण मराठीत अजिबात गाऊ नका. तुमच्या दोन ओळी वाचताना मला कुठेही अडखळायला झालं नाही, आणि "वेचता वेचता" असं करून म्हणून पाहिलं तर ओळ सपाट झाली. आमच्याकडे लोक ऐकतात, फक्त त्यांना बोल वाचायला मिळाले पाहिजेत. सगळ्या गाण्यांचे बोल देवनागरीत द्या, नावंही देवनागरीतच ठेवा.

ओव्यांबद्दल एक. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावांमधून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी' (ग्रामीण भारताचा ऑनलाइन संग्रह) त्या टप्प्याटप्प्याने सगळ्यांसाठी खुल्या करत आली आहे. मला त्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की प्रत्येक ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव आहे. कलम तेरा म्हणतात ते "पारंपरिक" कायद्याला पुरेसं असेल. पण तुम्हाला ते धृपद एका बाईने शिकवलं आहे. तिचं नाव आणि गाव लिहा.

झाडीपट्टी

मोहफूल ताई, मी वडशाचा. आमच्याकडे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर नाटकाचा हंगाम सुरू होते, रात्रभर नाटक चालते, गाणी तिथंच समोर बसलेले वादक वाजवतेत. भाषा आमची. परशुराम खुणेंना २०२३ ला पद्मश्री भेटली ते याच रंगभूमीवर आयुष्य काढून. कोणी त्याहिले पुण्याच्या भाषेत बोला म्हनलं नाही. म्हणून बोलीची चिंता सोडा.

तारसप्तक भाऊंचं म्हणणं मले पटते, पण उपाय वेगळा सांगतो. खडी गंमत हे आपलं लोकनाट्य पाहा. उभे राहून गाणारे, मोजकी वाद्यं, आणि तरी लोक पहाटेपर्यंत हलत नाहीत. काहून? कारण मधेच एक जण बोलते, दुसरा उत्तर देते, मग सगळे मिळून धृपद उचलतेत. रंग माणसं बदलून येतो, वाद्यं वाढवून येतो असं नाही. एखाद्या गाण्यात दोन-तीन बायांचा झील, म्हणजे मागून धृपद उचलणारी साथ, घ्या. एक गाणं गिटारशिवाय घ्या. एकात नुसतं बोला.

तारसप्तक

झाडीपट्टी, हे आवडलं. झील असेल तर माझी बासरी मी मागे घेतो. भुलाबाईचं धृपद तर एकटीने म्हणायचं नसतंच, मुली घोळक्याने म्हणतात. ते एकट्या गळ्यात ऐकणं मलाही खटकलं असतं.

तेलंगखेडी

प्रकाशनाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. वितरकामार्फत गाणी टाकाल तेव्हा प्रत्येक गाण्याला आयएसआरसी, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा, वितरक बदलला तरी तोच वापरायचा. स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला पैसे मिळत नाहीत. आठ गाण्यांच्या अल्बममध्ये शेवटची दोन-तीन त्या रेषेखाली राहू शकतात. म्हणून बँडकॅम्पवरही ठेवा, डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के घेतात, बाकी बव्हंशी तुमचं.

मास्टरिंग (रेकॉर्डिंगवरचा शेवटचा हात) करणाऱ्याला सांगा, मोठा आवाज नको. स्पॉटिफाय सगळं साधारण उणे १४ एलयूएफएसवर (आवाजाचा जोर मोजायचं माप) आणतं. दाबून मोठं केलेलं गाणं तिथे परत खालीच येतं, आणि तुमच्या कुजबुजत्या ओळी मात्र कायमच्या गेलेल्या असतात.

आणि आकाशवाणीची लोकसंगीताची ऑडिशन द्या. नागपूर केंद्र १९४८ पासून आहे, गावाकडे ते अजून ऐकतात.

मोहफूल

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद वहीत उतरवला आहे. आता ठरलेलं सांगते.

बोली राहणार. यावर माझ्या मनात आता प्रश्न नाही. बोल देवनागरीत, गाण्यांची नावं देवनागरीत.

भुलाबाईच्या गाण्यात गिटार नसेल. आई, मावशी आणि मावशीच्या दोन सुना झील धरतील. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "अवं, खाऊ कोन आननार ते आंदी सांग." भुलाबाईच्या गाण्यांनंतर खाऊ ओळखायचा असतो, तो हिशेब ती सोडणार नाही. श्रेयात "पारंपरिक" आणि त्याखाली आजीचं नाव, गाव.

जुनी शुक्रवारी, तुमचं वाक्य मला सगळ्यात खोल लागलं. कापसाचं गाणं मी विलंबित, हळवं करत होते. काल झडतीसारखं, उभ्याने, ठासून म्हटलं, आणि दुसऱ्या ओळीनंतर गिटार पूर्ण थांबवली. गाण्याचा अर्थच उजळला. ते आता अल्बममधलं पहिलं गाणं. तुमच्या वडिलांच्या कॅसेट कधी ऐकायला मिळाल्या तर फार बरं होईल.

क्लिक नाही. खंजिरीची तिन्ही गाणी एकाच बैठकीत, समोरासमोर. चुकलं तर अख्खं गाणं पुन्हा.

बासरी घेत नाही आहे, तारसप्तक दादा, आणि ती तुमच्या कलेवर शंका म्हणून नाही. ज्या जागा बासरी भरेल त्या मला रिकाम्याच हव्या आहेत. पण टेक ऐकायला तुम्ही आलात तर मला आवडेल. कुठे शब्द कानात शिरत नाही हे तुम्ही सांगाल.

एकच प्रश्न उरला आहे, जागेचा. माझं घर अजनीच्या रुळांजवळ. रात्री दोनलासुद्धा गाडी जाते. स्टुडिओच्या फोम लावलेल्या खोलीत गाऊन पाहिलं, तिथे आवाज तोंडासमोरच मरतो. कुणाला शांत, साधी खोली माहीत आहे का?

जुनी शुक्रवारी

कॅसेट देतो. प्लेअरसुद्धा चालू आहे. वडिलांना सांगितलं तर ते स्वतः सोबत बसून कोण कुठल्या वस्तीतला ते सांगतील.

झाडीपट्टी

ताई, उमरेडच्या पुढं माझ्या मामाचं मातीच्या भिंतीचं घर आहे, कौलारू, जमीन शेणाने सारवलेली. हायवे लांब आहे. आवाज घुमत नाही आणि मरतही नाही, आमच्या तालमी तिथं होतात. डिसेंबरात धान निघून गेलं की घर रिकामं असते. लाइटचा भरवसा नाही, तर लॅपटॉप आणि त्याले माइक जोडणारा इंटरफेस बॅटरीवर चालतील असं पाहून या. कोंबड्या पहाटे चारला सुरू होतात, म्हणून रात्री नऊ ते दोन ही वेळ धरा. मामीले माणसं किती ते आधी कळवा, ती जेवणाशिवाय कोणाले गाऊ देत नाही.

लाकूडकाम

मातीची भिंत उत्तम. तारा दोन दिवस आधी बदला, त्याच दिवशी नको, नव्या तारा सारख्या उतरतात. आणि रात्रीच्या थंडीत गिटार केसमधून काढल्यावर अर्धा तास तशीच ठेवा, मग लावा. मी येतो माइक घेऊन.